दुसरं टोक

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे हे ऐकताना एकाला ठसका लागला आणि दोष माझ्यावर आला.

चाळीस वर्षं मी लिंबायतमध्ये कापडाचा लूम चालवला. शाळा चौथीपर्यंत. पण धाग्याच्या बाबतीत मला कोण शिकवणार? आवाज बदलला की समजायचं, धागा गेला. मशीन बंद, दोन टोकांची गाठ, मशीन चालू. पापणी लवायच्या आत.

आमच्या सुमननं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं. मुलगा कतारगामचा गुजराती, हितेश. तीन वर्षं मी त्याच्याशी थेट बोललो नव्हतो. दर रविवारी दोघं घरी येत. तो समोर बसलेला असला तरी मी म्हणायचो, सुमन, त्यांना सांग चहा निवतोय. सुमन सांगायची. तो प्यायचा.

या हितेशला गळानं मासे धरायचा नाद. सुमनला पाचवा महिना होता तेव्हा एका रविवारी ती म्हणाली, "आप्पा, आज तुम्ही त्यांच्याबरोबर होडीत जा. बाळ आल्यावर तुमचे निरोप पोचवायला मला वेळ नसेल."

मसाला वाटून ठेव, मोठा मासा आणतो, एवढं सांगून निघालो. जाताना शेजारच्या दोन घरांना जेवायलाही सांगितलं.

हजिऱ्याच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी होडी थांबली. तिथे रावस मिळतो. गळाला लागला की मोटरसायकलसारखा पळतो. हितेशनं काठी माझ्या हातात देऊन समजावलं, मासा लागला की काठीवरचं रीळ ओरडेल, दोरी धावेल. धावू द्यायची, रिळाला हात लावायचा नाही. दमला की ओढायचा. मी समुद्राकडे बघत राहिलो. सुमन मध्ये नव्हती, म्हणून निरोप पोचलाच नाही असं धरलं.

तासभर दोघंही एकमेकांकडे पाठ करून बसलो. होडीवाल्याला वाटलं, आमचं भांडण झालंय.

आणि रीळ ओरडलं! कर्रर्र करत दोरी सुटली. असला आवाज झाला की डोक्याला विचारायला वेळ कुठला? हातानंच काम केलं. रीळ पंजात आवळलं. मशीन बंद!

काठी वाकली, ताड् असा आवाज झाला आणि मी होडीत बसकण मारली. समोर हातभर लांब रावस पाण्याबाहेर उडाला आणि दिसेनासा झाला.

मी मात्र खूश. काठीवरून लोंबणारी तुटकी दोरी मी केव्हाच पकडली होती. टोक थुंकीनं ओलं केलं, दुसरा हात पुढे केला आणि म्हणालो, "हितेश, दुसरं टोक दे. लवकर."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव माझ्या तोंडून निघालं होतं. तो हळूच पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आप्पा, वो तो मछली लेके गई."

होडीवाला पोट धरून खाली बसला. हितेश ओठ दाबून उभा. जावईच तो, हसणार कसा? शेवटी मीच आधी हसलो, तेव्हा कुठे तो सुटला.

संध्याकाळी त्या मसाल्यात वांगी झाली. शेजाऱ्यांनी विचारलं, मासा कुठाय? सवयीनं सुमनकडे वळलो, मग थांबलो. म्हटलं, "हितेश, तूच सांग यांना."

तेव्हापासून तो सांगतोच आहे. दर वेळी रावस वीतभर वाढतो. बाळालाही पहिली गोष्ट हीच सांगणार म्हणे. मी म्हटलं, सांग बाबा. पण माझं टोक मी सोडलं नव्हतं, तेही सांग.