काजूच्या चिकाची बोटे

पावसाळा ओसरता ओसरता माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, एक दिवसाआड थंडी वाजून ताप येऊ लागला. घरामागच्या बंद चिरेखाणीत पाणी साचले होते आणि वाडीत आणखी दोघांना हिवताप निघाला होता. तरीही ती रक्त तपासू देईना. भावजी मुंबईच्या रुग्णालयात होते, तेव्हा रोज सकाळी त्यांचे रक्त काढून नेत असत. "नेत होते तेवढं खरं," ती म्हणे, "पण परत येऊन काय निघालं ते कोणी सांगितलंनी नाही. मग एक दिवस माणूसच गेला."

आम्हा भावंडांत शिकलेला मी. म्हणून तिला समजावण्याचे काम माझ्याकडे होते.

तशात आरोग्य खात्यासाठी वाडीत घरोघर फिरणारी आशाताई सांगत आली की शाळेत हिवतापाचे एक नवे यंत्र आणणार आहेत. ते अजून प्रयोगाच्या अवस्थेत होते. सुई नाही, रक्ताचा थेंब नाही; चिमट्यासारखे बोटाला लावायचे, आतून प्रकाश सोडायचा आणि थोड्या वेळात उत्तर मिळायचे. या तापाचा जंतू रक्तात काळसर कण मागे ठेवतो, तेच हा प्रकाश शोधतो, असे मी आक्काला जमेल तसे समजावले. तिने एवढेच विचारले, "टोचत नाही ना, भाऊ?" मी नाही म्हणालो. त्या एका शब्दावर ती ठेवणीतले पातळ नेसून निघाली.

शाळेत रांगेत बहुतेक बायका आक्काबरोबर काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या. तरुण डॉक्टर मुलीने आक्काच्या बोटाला चिमटा लावला. पिवळा दिवा लागला. म्हणजे यंत्राला वाचता येत नव्हते. दुसरे बोट, तिसरे बोट, दिवा पिवळाच.

"मावशी, हाताला काय लागलंय?"

"काजूचा चीक गो."

वर्षानुवर्षे काजू सोलून तिच्या बोटांची टोके आणि नखे करपल्यासारखी काळी झाली होती. डॉक्टरने साबण मागवला. मागून एक बाई म्हणाली, "अगो बाय, आमच्या लग्नाच्या हळदीला नाही निघालं ते, तुझ्या साबणाला निघेल?" रांग हसली, डॉक्टरही हसली आणि मग ओशाळली.

"करंगळी बघ," आक्का म्हणाली. "ती कमी राबते."

करंगळीलाही दिवा पिवळाच लागला. यंत्रच बिघडले की काय, म्हणून डॉक्टरने चिमटा माझ्या बोटाला लावला. लगेच हिरवा दिवा लागला. मला हिवताप नव्हता. कोणी विचारलेही नव्हते.

"तुला काही नाही ना? बरं झालं," आक्का म्हणाली, आणि तिला खरोखरच बरे वाटलेले मला दिसले.

"मावशी, एकच थेंब घेऊ दे," डॉक्टर म्हणाली. आक्काने हात पदराखाली घेतला. तापाचे कारण कळल्याशिवाय औषध देता येत नाही, हे मी तिला घरी येईपर्यंत सांगत राहिलो. ती पायाखाली बघत चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला हुडहुडी भरली. घरातल्या होत्या तेवढ्या गोधड्या घातल्या तरी खाट हलत होती. ती भावजींशी बोलू लागली, तेव्हा मी आशाताईला बोलावले. तिने रक्ताच्या थेंबावरून हिवताप दाखवणारे तपासणीचे कार्ड काढले आणि आक्काच्या कानाशी वाकून विचारले, "आक्का, टोचू का?" आक्का काही बोलली नाही. आशाताईने माझ्याकडे पाहिले. मी आक्काचा हात धरला. तिने तो मागे घेतला नाही. पण घेण्याइतके बळ तिच्यात उरले होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. स्पिरिटने पुसूनही बोट काळेच राहिले. त्यावर आलेला थेंब मात्र फार लाल दिसला.

हिवतापच निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि ताप हटला.

पडवीत बसून पेज पिताना एके सकाळी तिने ते बोट उलटसुलट करून पाहिले. "त्या दिवशी काढलंन ना तिनं?"

"हो."

"काय निघालं?"

मी सगळे सांगितले: कोणता हिवताप, गोळ्या कसल्या, किती दिवस घ्यायच्या. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग वाटी खाली ठेवून तिने विचारले,

"आणि ह्यांचं काय निघालं होतं रे?"

मला ठाऊक नव्हते.