जावळ उतरण्याआधीची दहा मिनिटं

देवीवर माझा विश्वास होता. नव्हता तो माझ्या मुलीच्या झोपेवर. आमची ठकी जन्मल्यापासून तीन वर्षांत एकूण दोन तास झोपली, तेही तुकड्यातुकड्यांनी. दिवसा मी नागापूरच्या एका कारखान्यात मशीनच्या भागांची ड्रॉइंगं करते, पट्टी लावून. घरी आले की भिंतीला टेकूनसुद्धा डोळा लागतो. मोकळ्या हाताने चित्र काढणं तिच्या जन्मापासून सुटलं होतं. तिचं जावळ काढण्याआधी एकदा ते कागदावर उतरवायचं, एवढंच देवीला बोलले होते. मानेवरची ती मऊ वेटोळी वस्तऱ्याखाली गेली की पुन्हा तशी येत नाहीत. आणि खरं सांगायचं तर भीती वेगळीच होती. हातच मेला असला तर?

मोहट्याच्या देवीच्या गडावर निघालो ते मी, ठकी आणि माझा धाकटा भाऊ, कारण जावळाला मामाची मांडी लागते. एसटीत मी वही शंभर वेळा उघडली, ठकीने एकशे एक वेळा मिटवली. कधी भूक, कधी शू, कधी खिडकीतून दिसलेली म्हैस घरी न्यायचा हट्ट. पाथर्डी येईपर्यंत तिने वहीची इतकी पानं चघळली की शेळीने लाजून मान खाली घालावी. गडाच्या पायऱ्या किती ते मला विचारू नका. तिला कडेवर घेऊन मला लाखभर तरी लागल्या.

वर न्हावीदादा तयारच होते. "घ्या पोरीला. मागं चार लेकरं हायेत."

"दहा मिनिटं द्या, दादा. एक चित्र काढते."

"ताई, मोबाईलमधी ढीगभर फोटो हायेत की!" भाऊ म्हणाला. "अन् ही बसंल व्हय? वावटळीचं चित्र काढनार का तू?"

ठकी तेवढ्यात कुणाच्या तरी नारळावर बसून खाली आपटली आणि भोकाड पसरलं. मी तिथेच ओट्यावर टेकले. तिला उचलायचंही त्राण नव्हतं. मनात म्हटलं, आई, राहू दे. मला नाही जमत.

इथून पुढे मी तिखटमीठ लावत नाही. ओट्याच्या कडेला एक म्हातारी बसली होती. "ये गं बया, कुनाची तू?" म्हणत तिने हात पसरले. परक्याने नुसतं बघितलं तरी गाव गोळा करणारी माझी मुलगी तिच्या मांडीवर गेली, लुगड्याचा पदर तोंडात घातला आणि झोपली.

"काढ आता तुजं काय ते," म्हातारी म्हणाली. "मला बी बसाया बरं. उद्या टोळीसंगं ऊस तोडाया जायाचंय."

न्हावीदादांनी मागच्या लेकराला पुढे घेतलं.

मी वही उघडली. म्हातारीचा हात नेमका ठकीच्या डोक्यावर, निम्मं जावळ त्याखाली झाकलेलं. हात जरा बाजूला घ्या, असं ओठांवर आलं होतं. पण हात हलला तर पोर उठणार. मग तो हातही काढायला घेतला. भेगाळलेली बोटं, मनगटावर एकच हिरवी बांगडी, आणि बोटांच्या फटींतून वर आलेले केस. पहिली रेघ वाकडी गेली, दुसरी बरोबर बसली. खोडरबर पिशवीतच राहिलं.

म्हातारीने चित्र बघितलं. "अगं बया, माजा हात व्हय ह्यो? लई रापलाय." ती हसली, ठकीला मामाच्या मांडीवर दिलं आणि पायऱ्या उतरून गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. वस्तरा लागताच ठकीने गड डोक्यावर घेतला.

ती देवीच होती, असं भाऊ आता चारचौघांत शपथेवर सांगतो. मी म्हणते, देवीला कशाला ऊस तोडायला जावं लागेल? पण त्या दुपारी 'नाही जमत' म्हणून मी सगळं सोडलं, आणि सोडलेलं कुणीतरी धरलं, हे खरं. मी मागितले होते केस. त्यांवरचा हात मला मागायलाही सुचला नसता.

परतताना टकलू ठकी माझ्या मांडीवर जागीच होती. माझाच डोळा लागला.