चर्च आणि टॉवरच्या मधली जागा

पाचूबंदरच्या ब्रायनला बोट लागायची. मासेमाराचा मुलगा, आणि होडीत पाय ठेवला की ओकायचा! शेवटी त्याच्या बापाने, अँथनीने, हात टेकले. "तू शिक, जमिनीवरच रा," म्हणाला. पोरगा शिकला आणि गोखिवऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत रडार इंजिनीअर झाला. मी त्यांचा शेजारी. मला त्याचं फार कौतुक होतं. आता रागही आहे.

कंपनीने चाचणीसाठी आमच्या चर्चशेजारी रडार बसवलं. पावसापाण्यातही होड्या पडद्यावर दिसाव्यात, ही कल्पना. पण खाडीपलीकडच्या मोबाइल टॉवरच्या लहरी मध्ये घुसायच्या आणि चित्रावर पांढरा पट्टा उमटायचा. ब्रायनने तोड काढली. ओळीने लावलेल्या अँटेनांचे संदेश त्याने असे जुळवून मिसळले, की टॉवरच्या दिशेकडून येणारं सगळं एकमेकांना खोडून टाकेल. रडारने त्या दिशेकडे कानाडोळा केला, चित्र लख्ख झालं. साहेबांनी पेढे वाटले.

आमच्यात समुद्रातल्या जागा घराण्यागणिक ठरलेल्या असतात. तिथे खुंट ठोकलेला असतो, त्याला जाळं बांधायचं. अँथनीच्या जागेची खूण ब्रायनला लहानपणापासून पाठ होती: तोंडासमोर चर्च, पाठीला टॉवर, दोघांच्या सरळ रेषेत. पण कॉम्प्युटरवर टॉवर म्हणजे नुसता एक कोन. तो भरताना पोराला बाप आठवला नाही.

ऑक्टोबरात भरदुपारी वादळ सुटलं. सगळ्या होड्या परतल्या, अँथनीची नाही. पावसात समोरचं काही दिसेना. त्याची बायको मॅग्डलीन रडारच्या खोलीत धावत आली.

"ब्रायन, बाबा दिसतो काय रे? पानी लय चढलंय."

ब्रायनने पडदा नीट पाहिला. "जागेवर कोणी नाही, आई. वाऱ्याने अर्नाळ्याकडे नेलं असेल."

ते मशीन नसतं, तर आमची माणसं आधी जागेवरच गेली असती. पण शिकलेल्या पोराचा शब्द. शोधायला निघालेल्या होड्या अर्नाळ्याकडे वळल्या.

संध्याकाळी वारा पडल्यावर अँथनी सापडला, जागेवरच. होडी उलटली होती. त्याने स्वतःला दोराने खुंटाशी बांधून घेतलं होतं, वाट बघत. अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं.

मातीच्या दिवशी मॅग्डलीनने सगळ्यांसमोर विचारलं, "चर्च नि टॉवरच्या मधी. तुला जागा म्हाईत नव्हती?"

"माहीत होती, आई," ब्रायन म्हणाला. "तिथलं सगळं मीच पुसत होतो."