पुरेबाईंच्या शिकाऊ काकू

माझं फोटोचं दुकान आणि पुरेबाईंचं ड्रायव्हिंग स्कूल यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही पातळ. त्यामुळे त्यांच्याकडे कोण आलं, कोण पास झालं आणि कोण तोंड पाडून घरी गेलं, हे मला न विचारता कळतं. शिवाय लायसनला फोटो लागतो, आणि तो काढायला माणूस माझ्याकडेच येतो.

पुरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. शिकवताना त्यांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर असतो आणि तोंडात सारखं "पुरे, पुरे" असतं. गाडी जास्त पळवली की पुरे, स्टिअरिंग जास्त वळवलं की पुरे. शिकायला येणाऱ्या पोरांनीच हे नाव पाडलं असं सगळ्यांना वाटतं. खरी गोष्ट त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितली. त्यांच्या वडिलांना मुलगा हवा होता. त्याची वाट पाहण्यात चार मुली झाल्या. पाचव्या खेपेला नर्सने बाहेर येऊन मुलगी झाल्याचं सांगितलं, तेव्हा वडील म्हणाले, आता पुरे. घरात तेच नाव पडलं. मग त्याच हसून म्हणाल्या की नाव काही वाईट नाही, त्या नावानंतर आईची तरी सुटका झाली.

स्कूल वडिलांनी सुरू केलेलं. मुलींना गाडी शिकवायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती, पण गाड्या धुवायला मुली चालायच्या. थोरल्या चौघी लग्न होऊन गेल्या आणि हे काम धाकटीच्या गळ्यात पडलं. गाडी नळापर्यंत न्यायची, धुवायची, पुन्हा जागेवर लावायची, असं करता करता ती पक्की चालवायला लागली. ऐन सुट्टीच्या दिवसांत वडील पाय मोडून घरी पडले. शिकायला आलेली पोरं दारात ताटकळत होती. मुलीकडून कोण शिकणार, असं वडील पलंगावरून म्हणत राहिले आणि तोवर ती किल्ली घेऊन बाहेरही पडली होती. पहिल्या दिवशी पोरं फिदीफिदी हसली. पुलाच्या चढावर गाडी मागे घसरायला लागली तेव्हा त्यांचं हसू बंद झालं.  बरे झाल्यावर वडिलांनी पेंटरला बोलावून पाटीवर स्वतःच्या नावापुढे "आणि कन्या" असं लिहून घेतलं.

ते दिवस गर्दीचे होते. शाळा सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत भरायची. मिसरूड फुटली की पोरं माझ्याकडे फोटो काढायची आणि भिंतीपलीकडे जाऊन नाव नोंदवायची. पुरेबाईंकडे तीन गाड्या होत्या, त्या कमी पडायच्या.

मग हळूहळू ओहोटी लागली. यात कोणाचं काही चुकलं असं नाही. पुरेबाईंच्याच घरचं बघा. बहिणी पाच. त्या पाच जणींना मिळून सात मुलं, आणि त्या सातांना मिळून आजवर तीन. पुरेबाईंना एकच मुलगी, ती दूरच्या शहरात नोकरीला, आणि मूल हवं की नको ते अजून ठरवतेय. घरं लहान, नोकऱ्या लांब, नवरा-बायको दोघं दिवसभर बाहेर. मूल सांभाळायचं कोणी? शाळा आधी एका पाळीवर आली, मग वर्ग जोडले गेले, मग शाळाच शेजारच्या मोठ्या गावातल्या शाळेत विलीन झाली. पुरेबाईंचे यजमान तिथे चित्रकला शिकवायचे. ते आता रोज मोटरसायकलवर त्या गावाला जातात.

शाळा गेली त्याचा एक फटका कोणाच्या ध्यानात आला नव्हता. दिवसातून चार वेळा जी बस यायची, ती खरं तर शाळेच्या पोरांवर चालत होती. म्हातारी माणसं तिच्यात फुकट्यासारखी सामावून जायची. दवाखान्यात, बँकेत, लेकीकडे जाऊन यायची. पोरं नाहीत म्हटल्यावर बस सकाळची एक उरली, मग तीही बंद झाली.

इकडे पुरेबाईंनी दोन गाड्या विकून टाकल्या होत्या. तिसरीसाठी गिऱ्हाईक म्हणून बेकरीवाला मिळाला होता. चोपन्नाव्या वर्षी आता दुसरं काय शिकायचं, एवढाच प्रश्न उरलाय, असं त्या मला म्हणाल्या. रडगाणं नव्हतं त्यात. खरंच विचार चालला होता.

अशातच एका सकाळी बँकवाल्या काकू माझ्या दुकानात आल्या. बँकेत काका होते, काकू नव्हत्या, पण गावात त्यांना सगळे बँकवाल्या काकूच म्हणतात. वय पासष्टच्या पुढे, केस नीट चापून बसवलेले. लायसनच्या मापाचा फोटो हवाय म्हणाल्या. मी सवयीने विचारलं की फोटो नातवाचा काढायचाय का, त्याला घेऊन या. त्या स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या की नातू परदेशात आहे, फोटो त्यांचा स्वतःचाच काढायचाय.

काकांची नजर गेल्या वर्षभरात पार अधू झाली होती. महिन्यातून दोनदा मोठ्या गावातल्या डोळ्यांच्या इस्पितळात जावं लागे. बस नाही. दोन्ही मुलं परदेशात. गाडी मात्र दारात कव्हर घालून उभी. काकूंनी तिशीत असताना एकदा काकांना म्हटलं होतं, मला गाडी शिकवा. तेव्हा काका म्हणाले होते, तुला कुठे जायचंय, मी आहे ना. काका चांगले होते आणि म्हटल्याप्रमाणे खरंच कायम सोबत होते, म्हणून तो विषय तिथेच मिटला होता.

पुरेबाईंनी बेकरीवाल्याला थोडं थांबायला सांगितलं.

पहिले काही दिवस गाडी रस्त्यावर कमी आणि जागेवर जास्त चालली. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. पोरांना शिकवायची रीत इथे उपयोगाची नाही, हे पुरेबाईंच्या लवकर लक्षात आलं. पोरं दोन दिवसांत गाडी पळवतात आणि मग त्यांना थांबवायला शिकवावं लागतं. काकूंना चालवायला शिकवायचं होतं. थांबायचं कसं, हे त्यांना आयुष्यभराचं ठाऊक होतं. मान मागे वळत नव्हती, म्हणून पुरेबाईंनी आणखी एक रुंद आरसा बसवला. तासाऐवजी अर्धाच तास, आणि मध्ये झाडाखाली गाडी लावून पाणी. हाफ क्लच काही केल्या जमेना तेव्हा त्यांनी काकूंना शिलाई मशीनच्या पायडलची आठवण करून दिली. जाड कापड आलं की पाय कसा अर्धवट दाबून ठेवता? त्या दिवशी गाडी पुलाचा चढ न घसरता चढली.

काका मागच्या सीटवर बसायचे. दिसत नव्हतं, पण इंजिनच्या आवाजावरून सूचना चालू. गिअर बदल, हळू, आता वळणार असशील, इंडिकेटर दे. काकू घाबरून भलतंच काहीतरी करायच्या. शेवटी पुरेबाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि मागे वळून म्हणाल्या, "काका, या गाडीत ब्रेक दोनच आहेत. एक काकूंचा, एक माझा. तुम्ही तिथे बसून दाबताय तो नुसता मॅट आहे. पाय दुखेल उगाच."

काका दुसऱ्या दिवशीपासून माझ्या दुकानात बसायला लागले.

परीक्षेत काकू पहिल्या वेळी नापास झाल्या. गाडी मागे घेताना खांबाला मागचा बंपर लागला. परीक्षा घेणारा साहेब वाईट नव्हता, पण जाताना म्हणाला की आजी, या वयात हा त्रास कशाला घेता. त्या माझ्या दुकानात येऊन बसल्या तेव्हा काका तिथेच होते. काकांनी प्रेमानेच समजूत घातली. जाऊ दे, आपण भाड्याची गाडी करू, नाहीतर इस्पितळात जाणंच कमी करू. काकू थोडा वेळ हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिल्या.

"चाळीस वर्षं मी तुमच्या शेजारी बसले," त्या म्हणाल्या. "एकदाही म्हटलं नाही की भीती वाटते. आता तुम्ही बसा."

 मी उगाच कॅमेऱ्याची काच पुसत बसलो. पुढचे दोन आठवडे पुरेबाईंनी ओसाड पडलेल्या शाळेच्या मैदानात विटा मांडून काकूंकडून गाडी मागे घेववली, आणि दुसऱ्या परीक्षेत काकू पास झाल्या.

त्यानंतर माझ्या कॅमेऱ्यासमोरचे चेहरेच बदलले. पांढऱ्या केसांच्या बायका यायला लागल्या. एक निवृत्त नर्स आली, एक नवरा वारलेल्या शिंपीणबाई आल्या, आणि पाठोपाठ दोघी जावा आल्या, ज्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. शिकवणीची वेळ एकच मिळाल्याने त्यांना बोलावं लागलं. पुरेबाई सांगतात, इतके नियम पाळणारे विद्यार्थी त्यांना तीस वर्षांत भेटले नव्हते. रिकाम्या रस्त्यावरही इंडिकेटर देतात, आणि समोर कुत्रं आलं की थांबून त्याला "जा बाळा" म्हणतात.

पण यातून वेगळीच अडचण उभी राहिली. काकूंची गाडी इस्पितळाला निघते हे कळल्यावर शेजारचे आजोबा एकदा सोबत गेले, मग त्यांची बहीण, मग कोपऱ्यावरच्या घरातली आजी. नाही कोणाला म्हणायचं? काकूंची गाडी म्हणजे गावाची बस झाली. चांगुलपणा करता करता काकू दमून गेल्या, आणि एका दुपारी पुरेबाईंजवळ रडल्या.

पुरेबाईंनी हे मुलीला फोनवर सांगितलं. कौतुक होईल अशी त्यांची अपेक्षा असावी. मुलगी उलट चिडली. तिचं म्हणणं असं की लहान पोरं होती तेव्हा ती बायकांनी सांभाळली, आता म्हातारी माणसं आहेत तर तीही बायकांनीच सांभाळायची, आणि बस बंद करणारे मोकळे. हातात स्टिअरिंग आलं म्हणून काय झालं, काम तेच आणि फुकटच.  तिसऱ्या दिवशी त्या नगरपालिकेत गेल्या आणि मला बरोबर घेऊन गेल्या, कारण त्यांच्या मते माझा चेहरा गंभीर आहे.

शाळेची म्हणून नगरपालिकेची एक लहान व्हॅन होती, ती आवारात धूळ खात पडली होती. पुरेबाईंनी ती मागितली. अध्यक्षांनी विचारलं की त्यापेक्षा बस पुन्हा सुरू करा असं का मागत नाही. त्यांनी सरळ सांगितलं, बसला चाळीस माणसं लागतात, तेवढी आपल्याकडे एका वेळी निघत नाहीत. सहा-सात निघतात, त्यांना व्हॅन पुरते. म्हाताऱ्या माणसांनी म्हाताऱ्या माणसांना न्यायचं, काही झालं तर जबाबदार कोण, असं एक सदस्य म्हणाले. पुरेबाई म्हणाल्या की चालवणाऱ्यांची डॉक्टरांकडून दर सहा महिन्यांनी तपासणी होईल, चाचणी त्या स्वतः घेतील, आणि गाडीचा विमा नगरपालिका उतरवेल. इथवर सगळं सुरळीत चाललं. अध्यक्ष खूश झाले. फारच सुंदर उपक्रम, म्हणाले, आपण याला माता-भगिनींची सेवा असं नाव देऊ.

"सेवा नको," पुरेबाई म्हणाल्या.

"का? चांगला शब्द आहे."

"चांगलाच आहे. पण सेवा म्हटलं की पगार द्यावा लागत नाही. बसच्या ड्रायव्हरला तुम्ही पगार देत होता ना? त्याच रस्त्यावर, तीच माणसं न्यायची आहेत. आणि नुसत्या भगिनी नकोत. निवृत्त पुरुष गावात ढीगभर आहेत, कट्ट्यावर बसून असतात. त्यांचीही पाळी लावा."

खोलीत कोणीतरी खोकलं. अध्यक्ष बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिले. त्या दिवशी काही ठरलं नाही. दुसऱ्या बैठकीत नर्सबाई आल्या, शिंपीणबाई आल्या, दोघी जावा आल्या, आणि काकांना हाताला धरून काकू आल्या. काकांनी बँकेतल्या जुन्या आवाजात सांगितलं की ते या योजनेचे नियमित प्रवासी आहेत आणि ड्रायव्हरबद्दल त्यांची कसलीही तक्रार नाही. तिसऱ्या बैठकीत ठराव झाला. जेवढा मागितला तेवढा पगार मिळाला नाही, पण मिळाला. आता व्हॅन आठवड्यातून पाच दिवस धावते. पाळीवर चार बायका आणि तीन पुरुष आहेत. त्यांतले एक निवृत्त पोस्टमन. त्यांनी आयुष्यभर सायकल चालवली, त्यामुळे व्हॅनमध्येही ते घंटी शोधतात.

काकू आठवड्यातून दोनच पाळ्या करतात. पहिल्या पगाराच्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला आणि स्वतःसाठी उन्हाचा चष्मा घेतला. काका आता पुढच्या सीटवर बसतात आणि पूल यायच्या आत झोपतात. ते घोरायला लागले की आपण चांगली चालवतोय हे समजतं, असं काकू म्हणतात.

बेकरीवाल्याने शेवटी दुसरीकडून गाडी घेतली. पुरेबाईंची मुलगी मध्यंतरी चार दिवस राहून गेली. माय-लेकी मागच्या अंगणात बराच वेळ बोलत बसल्या होत्या. भिंत पातळ असली तरी अंगण दुसऱ्या बाजूला आहे, त्यामुळे काय बोलल्या ते मला माहीत नाही. जाताना मुलगी माझ्याकडे फोटो काढायला आली. शहरात गाडी चालवायची तिची हिंमत होत नाही, म्हणून तिने लायसन कधी काढलंच नव्हतं. पुरेबाईंनी तिला पुढच्या सुट्टीतली तारीख दिली आहे, आणि रांगेत आधी एक्काहत्तर वर्षांच्या कोणी बाई आहेत, त्यांच्यानंतर, असं स्पष्ट सांगितलं आहे.