एका रात्रीत वाढलेलं वजन

देवरावांनी पहिल्या भेटीत माझं नावगाव काही विचारलं नाही. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

"सू केली का तिनं?"

मी इथेच अमरावतीत, राजापेठेत गणिताच्या शिकवण्या घेतो. असं कुणी अनोळखी माणसाला विचारतं, हे मला नवीन होतं. आठवडाभरात मीही भेटेल त्याला तेच विचारू लागलो. आमची दोन्ही बाळं सातव्या महिन्यातली. हृदयाजवळची जी नळी जन्मानंतर आपोआप मिटते, ती दोघांचीही उघडी राहिली होती. त्यामुळे फुप्फुसांत पाणी साचायचं. ते काढायला लघवी वाढवणारं औषध देत, आणि सिस्टर ओला लंगोट काट्यावर ठेवून किती लघवी झाली ते बघत. आमचं सुखदुःख त्या लंगोटावर चालायचं.

देवराव अकोल्याजवळचे. शेवंती, झेंडू लावायचे आणि अकोल्याच्या बाजारात विकायचे. नातू अकोल्यात जन्मला, पण तिथे जागा मिळाली नाही म्हणून अमरावतीला आणलेला. सून सिझेरियन होऊन अकोल्यातच पडून, मुलगा तिच्याजवळ, आणि इथे आजोबा. नातवाला ते साहेब म्हणत. "साहेबाले हीटर, अन् आमाले मच्छर!" आत जाण्याआधी कोपरापर्यंत हात धुवावे लागत. देठं खुडून खुडून त्यांचे तळवे कायमचे काळपट झालेले. सिस्टर म्हणायची, "आजोबा, अजून एकदा." ते म्हणायचे, "कातडं निघन व बाई, रंग नाही निघनार." फुलं आत नेऊ देत नाहीत हे कळलं, तेव्हा आणलेली शेवंती त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या एकेका स्कूटरच्या हँडलला खोचून टाकली.

नातू कसा आहे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "ठीकच आहे. खराब काहून असन?" त्या उत्तराची मला पुढे पुढे भीती वाटू लागली. आत यंत्राची घंटी वाजायची तेव्हाही ते हेच म्हणायचे, फक्त दाराकडे बघायचे नाहीत.

औषधानं माझ्या मुलीचं वजन उतरलं, तर माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलं. "मास्तर, पोरीले पिळून काढून राहिले हे लोकं. बोला न डॉक्टरबाईले."

मी बोललो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे औषध देताना मलाही भीती वाटते. जास्त झालं तर रक्तातले क्षार घसरतात, कानांना धोका असतो. ज्या नळीपायी हे सगळं करतोय, ती यानंच उघडी राहते की काय, अशीही शंका आहे. पण फुप्फुसांत पाणी राहू देऊन चालत नाही. उतरलं ते पाणी होतं. उद्या एका रात्रीत वजन वाढलं, तर मात्र खूश होऊ नका."

हे मी देवरावांना सांगितलं नाही. लपवायचं नव्हतं, विषय निघाला नाही इतकंच.

दोन दिवसांनी सकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "शंभर ग्रॅम, मास्तर! एका रात्रीत! गाल पाहा न साहेबाचे."

मी काचेतून पाहिलं. पापण्या सुजून डोळे बुजले होते. पावलांची कातडी ताणून चकाकत होती. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मला कळलं.

"घ्या न, मास्तर. तुमच्या पोरीचंही वाढन."

मी पेढा घेतला आणि खाल्ला. डॉक्टरबाई येतील आणि सांगतील, सांगणारा मी कोण, असं मनाशी म्हणालो. देवरावांनी माझ्यासमोरच सुनेला फोन लावला. "आज येऊ नको, बाई. टाके ओले आहेत तुये. पोट्ट्यानं बाळसं धरलं आता. चार दिवसानं ये, आरामात." मी ऐकत होतो. तोंडात पेढ्याची गोडी होती.

आत ड्यूटीवरच्या डॉक्टरनं सूज ओळखून औषध आधीच वाढवलं होतं. माझ्या बोलण्यानं उपचारात काहीच फरक पडला नसता. हे मी आजवर स्वतःला पुष्कळ वेळा बजावलं आहे.

दुपारी सिस्टरनं लंगोट काट्यावर ठेवला, तो कोरडा होता. औषध जात होतं, पण लघवी उतरत नव्हती. डॉक्टरबाईंनी देवरावांना बाजूला घेतलं. ते परत आले आणि मुलाला फोनवर एवढंच म्हणाले, "तिले घेऊन निघ." ती दोघं वाटेत असतानाच साहेब गेले.

देवराव बाकावर येऊन बसले. उरलेल्या पेढ्यांचा पुडा त्यांनी बाकाखाली सरकवला. मग म्हणाले, "तुमाले मालूम होतं न, मास्तर? पेढा घेतानी तुमचं तोंड पाह्यलं होतं मी. मले वाटलं, स्वतःच्या पोरीचं दुख असन."

मी होकारार्थी मान हलवली.

"एक शब्द टाकला असता, तर सकाळच्याच गाडीनं बलावलं असतं तिले. टाके तुटले असते तर तुटले असते. जित्तं पाह्यलं असतं तिनं त्याले."

आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

माझ्या मुलीची नळी मिटली. ती आता चौथीत आहे, जिना धावत चढते आणि वर पोचून मला हाका मारते. देवराव पुन्हा भेटले नाहीत. अकोल्याला जाणं होतं, पण फुलबाजाराच्या रस्त्यानं मी जात नाही.

त्या संध्याकाळचं तेवढं सांगायचं राहिलं. दवाखान्याच्या फाटकाशी ऑटो थांबला. पोटावर हात धरून सून उतरली. नवऱ्यानं वाटेत तिला काही सांगितलं नव्हतं. तो ऑटोवाल्याशी उगाच बोलत मागे राहिला. ती सासऱ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "मामाजी, आता किती भरला?"

मी चार पावलांवर उभा होतो. देवरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरचा दुपट्टा काढून पायरीवर अंथरला आणि तिचा हात धरला.

"बस, बाई. आधी बस. तुले सांगतो."