मावशीच्या पिठाचा डबा

डबा हातात आला की ती झाकण उघडत नसे. आधी तो तळहातावर ठेवायची, दोनदा वरखाली करायची आणि मगच डबा घेऊन आलेलीच्या तोंडाकडे बघायची. "बरी आहेस ना वो?" असं विचारायची खरी, पण उत्तर ऐकायला थांबायची नाही. सासरहून पहिल्यांदा माहेरी आलेली पोरगी काय सांगणार हे तिला ठाऊक होतं. सगळ्याच पोरी छान आहे म्हणतात. तिचा विश्वास डब्याच्या वजनावर.

तिचं नाव मी सांगत नाही. गोंदियाच्या आमच्या रेल्वे क्वार्टरांच्या लाइनीत ते कोणाला आठवतही नसेल, तिच्या नवऱ्यालासुद्धा आठवत असेल की नाही याची मला शंका आहे. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. नवरा सांधेवाला. दिवसभर गाड्यांचे रूळ बदलायचा आणि घरी आला की बोलायचं काम मावशीवर सोपवून झोपून जायचा. ते काम ती दोघांच्या वाटचं करायची. मलाही लहानपणी तोंडाळ म्हणत, पण मावशीपुढे माझा टिकाव लागत नसे.

असं एखादं माणूस तुमच्याही आळीत असेल बघा, ज्याचं एकच वेड असतं आणि लोक ते हसून चालवून घेतात. मावशीचं वेड पिठाचं. लाइनीतल्या कोणत्याही घरी लग्न निघालं, घर मराठी असो, पोवारी असो, हिंदी बोलणारं असो, मावशी नवरीला पिठाचा एक डबा द्यायची. साडी नाही, भांडं नाही. पीठ. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तिच्यामागे तिला डब्बेवाली म्हणायच्या.

हे पीठ ती शिकली एका मडमेकडून. इंग्रज जायच्या आधी मावशी रेल्वेच्या बंगल्यात भांडी घासायची. तिथल्या मडमेच्या कपाटात एक मोठी बरणी असे. मैदा, सोडा, मीठ आणि तूप असं सगळं कोरडंच चोळून ठेवलेलं. कोणी अवचित आलं की मडम त्यातलं थोडं पीठ घ्यायची, दूध घालून कालवायची आणि शेगडीवरच्या पत्र्याच्या पेटीत भाजायला ठेवायची. पाहुण्याचं बोलणं संपायच्या आत गरम गरम पाव तयार. एकाच बरणीतून गोड व्हायचं, खारं व्हायचं, बिस्किटं व्हायची. मडमेनं जाताना मावशीला ती पेटी देऊ केली होती. मावशीनं पेटी घेतली नाही, पीठ कसं करायचं तेवढं विचारून घेतलं.

पण मावशीच्या पिठात एक मोठा फरक होता. मडम दूध वरून घालायची, मावशी दूधही डब्यातच घालायची. दवाखान्यात लेकरांसाठी दुधाची भुकटी मिळायची, ती मावशी गोडीगुलाबीनं मागून आणायची. साखरही डब्यातच. मी एकदा म्हटलं, मावशी, दूध तर घरोघरी असतं, वरून घालता येईल की. ती म्हणाली, "मडमेले दूध कोणाले मांगा नाई लागत होतं." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. मला वाटलं, मडमेची म्हैस असेल.

चैत्राची उन्हं तापली की मावशीचं काम सुरू व्हायचं. अंगणात धुतलेलं धोतर पसरायचं, त्यावर मैद्याच्या जागी कणीक आणि तांदळाचं पीठ वाळत घालायचं. उलथणं वाळवायचं, डबे वाळवायचे, स्वतःचे हातसुद्धा उन्हात धरायचे. मग कढवलेलं तूप घालून पीठ चोळायचं. मुठीत दाबलं तर मुटका वळला पाहिजे आणि बोट लावलं की तो फुटला पाहिजे, तोवर चोळायचं. आम्ही पोरी मदतीला असायचो. सोडा आणि निंबूसत मात्र सगळ्यात शेवटी, आणि ते पडायच्या आधी ती आम्हाला दटावायची, "आता तोंड बंद. थुंकी उडंल अन् सोडा जागा होईल. डब्यात सोडा झोपून राह्यला पाह्यजे." मग आम्ही ओठ घट्ट मिटून बसायचो. खुद्द मावशी गप्प असल्याचं वर्षातून तेवढंच एकदा दिसायचं, म्हणून लाइनीतल्या बायकाही ते बघायला यायच्या.

डबे भरले की उरलेल्या पिठाची परीक्षा. पाण्यात कालवून जाड भाकर थापायची, खाली-वर पळसाचं पान लावायचं आणि चुलीत निखाऱ्यांवर ठेवून वरून राख ओढायची. थोड्या वेळानं पान जळून काळं पडायचं आणि आतून फुगलेली भाकर निघायची. वरून खरपूस, आतून मऊ, पाठीवर पानाच्या शिरा उमटलेल्या. आम्ही हात भाजून घेत ती मोडायचो. मी पुढे पुष्कळ ठिकाणचे पाव खाल्ले, पण त्या भाकरीची चव काही जिभेवरून गेली नाही.

डबा देताना नवरीच्या कानात ती एकच गोष्ट सांगायची. "पाण्याशिवाय कोणाले काई मांगू नोको. रातच्याले सगळ्यायचं जेवण झालं का चुलीत इस्तो राहते, त्याच्यात भाजजो. पाणी अन् इस्तो कोणी कुलपात नाई ठेवत." इस्तो म्हणजे विस्तव. आणि वर बजावायची की पहिल्या दिवाळीला येशील तेव्हा डबा घेऊन ये.

दिवाळीला ते डबे यायचे. डबा जड असला तर मावशीला कोण आनंद. ते पीठ जुनं झालं म्हणून तिथल्या तिथे भाजून सगळ्या लाइनीला वाटायची. डबा हलका असला तर काही बोलायची नाही. पोरीला जवळ बसवून जेवू घालायची आणि डबा पुन्हा भरून द्यायची. एकीनं मावशीला बरं वाटावं म्हणून वाटेत डब्यात साधी कणीक भरून आणली होती. मावशीनं ती चिमटीत चोळली, ओळखली, आणि तरीही तिला काही बोलली नाही.

माझं लग्न आमगावला ठरलं. घर भरलेलं, धानाची शेती, दोन म्हशी. माझे वडील मालधक्क्यावरचे बाबू, त्यांच्या मानानं स्थळ फारच मोठं. लग्नाच्या आदल्या दिवशी मावशी डबा घेऊन आली आणि आईनं तो घेतला नाही. वाईट बोलली नाही, हसूनच म्हणाली, "अहो, तिला तिथं काय कमी आहे? बरोबर पीठ बांधून दिलेलं पाहिलं तर ते लोक काय म्हणतील? आमच्या घरी पीठ नाही असं समजलात का म्हणतील."

मावशी उंबऱ्यावरच बसली. डबा मांडीवर घेतला. मला वाटलं आता बोलत सुटेल, पण ती डब्याचं झाकण दाबत राहिली. मग म्हणाली, "मीबी असंच म्हटलं होतं बाई. तिले तिथं काय कमी आहे."

मावशीला मुलगी होती हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही लाइनीत राहायला यायच्या आधीची गोष्ट. मुलगी केशोरीच्या पलीकडे एका गावात दिली होती. तळ्याखालची शेती, कोठ्या भरून धान, बैलांच्या जोड्या. ती निघताना मावशीनं लाडू बांधले होते, तेही मोठ्या घरात शोभणार नाहीत म्हणून काढून ठेवले. सासू काही मारझोड करणारी नव्हती. फक्त तूप, गूळ, दूध, सगळं तिच्या किल्लीखाली, आणि सुनेनं सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायचं. पोरगी मागायला लाजायची. पोटुशी झाली तरी लाजायची. रोवणीचे, धानाच्या लावणीचे दिवस म्हणून लवकर पाठवलीही नाही. आठव्या महिन्यात माहेरी आली तेव्हा अंगावर नुसती हाडं.

"पह्यल्या रात्री मी तिले भात वाढला," मावशी म्हणाली, "अन् भाजी आणाले मांगं वळली. पाह्यतो त पोरगी ताटात हात घालून तशीच बसून. मले म्हणते, माय, मी घेऊ का? आपल्या मायच्या घरात विचारून राह्यली होती बाई. मी घेऊ का."

बाळंतपणात ती गेली. मूलही गेलं. सुईण म्हणाली, अंगात रक्तच नव्हतं.

एवढं सांगून मावशीनं डोळे पुसले नाहीत की काही नाही. डबा पुढे केला. आईनं तो घेतला, आत गेली आणि माझ्या पेटीत शालूच्या खाली ठेवला.

खरं सांगते, सासरी मला उपाशी राहावं लागलं नाही. नवी सून म्हणून माझे लाडच होते. किल्ल्या आजेसासूंच्या कमरेला, पण मला हाक मारून त्या तूप वाढायच्या. मला वाटलं, चला, माझा डबा जड जाणार, मावशी लाइनभर भाकरी वाटणार.

श्रावणात एका सोमवारी सासूबाईंचा उपास होता. संध्याकाळी उपास सोडताना त्यांनी आजेसासूंकडे चमचाभर तूप मागितलं. आजेसासू म्हणाल्या, काल तर दिलं होतं. बस्स, एवढंच. सासूबाई हसल्या आणि मीठ घालून कोरडा भात खाल्ला. केस पिकलेली बाई, एका लेकीचं लग्न करून मोकळी झालेली. सहज बोलावं तसं मला म्हणाल्या, असंच आहे बाई इथं, आता सवय झाली.

मला इतका राग आला की आजेसासू देवळात गेल्या तशी मी पेटी उघडून डबा काढला. सासूबाई मागे येऊन उभ्या. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. त्यांनी डब्यात नाक घालून वास घेतला आणि परसातून पळसाची पानं आणून दिली. आम्ही चुलीतल्या निखाऱ्यात भाकर भाजली. राख झटकून मी ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला आणि माझ्याकडे पाहून थांबल्या.

"मी घेऊ का?" म्हणाल्या.

मला रडू आवरेना. त्यांना वाटलं मला घरची आठवण आली. जन्म ज्या चुलीपुढे गेला तिच्यापुढे बसून ती बाई काल आलेल्या सुनेला विचारत होती. मी पुढची भाकर थापायला घेतली.

मग दर आठ-पंधरा दिवसांनी आमची एखादी भाकर व्हायचीच. कधी गूळ नसतानाही गोड लागायची, कधी कांदा घालून. दिवाळीपर्यंत डबा हलका झाला. निघताना सासूबाईंनी मला बजावलं, मावशीला सांग, तुझ्या लेकीचा घास मी खाल्ला. राग नको मानू म्हणावं. आमगाव ते गोंदिया गाडीत मी तेच घोकत होते. मावशी डबा तोलेल, तिचं तोंड उतरेल, आणि त्याच्या आत मी सांगून टाकायचं. मी नाही हो मावशी, मी जेवते. माझ्या सासूबाईंनी खाल्लं. आणि मग ती काय म्हणेल, हे मनाशी रंगवत होते.

मावशीच्या क्वार्टरपुढे दुसऱ्याच कोणाचे कपडे वाळत होते.

आईनं सांगितलं की भादव्यात ताप आला आणि आठवड्यात गेली. नवऱ्यानं बदली मागून घेतली. शेवटी शेवटी तिला वार-महिना कळत नव्हता. आई उशाशी बसली की विचारायची, पोरीचा डब्बा आला का? दिवाळी लांब होती. आईनं दोन दिवस नाही नाही म्हटलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, आला. मावशीनं विचारलं, हातात घेऊन पाह्यला? जड होता का? आई म्हणाली, जड होता. मावशी म्हणाली, "मंग झालं." त्यानंतर तिनं कशाचीच चौकशी केली नाही.

हे सांगता सांगता आईनं माझ्या हातातला डबा घेतला, मावशीसारखाच तळहातावर ठेवला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मग मावशीसाठी घोकलेलं सगळं मी आईला सांगितलं. आई ऐकत राहिली. डबा मात्र तिनं खाली ठेवला नाही.

जायच्या आधी आम्ही दोघींनी तो भरायला घेतला. किती कणीक, किती सोडा, कोणालाच ठाऊक नाही. मी इतकी वर्षं मावशीच्या शेजारी ओठ मिटून बसले, पण प्रमाण काही बघितलं नाही. आई अंदाजानं घालत होती. सोडा घालताना तिनं तोंडावर पदर घट्ट धरला होता. भाजून पाहिली ती भाकर बसकी झाली आणि थोडी कडू. तरी डबा भरला.

आमगावला सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी डबा घेतला, हातात तोलला.

"मावशीले सांगितलं ना, मी खाल्लं म्हणून?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या त्या?"

"मंग झालं, म्हणाल्या."

सासूबाईंनी झाकण उघडून चिमूटभर पीठ बोटांत चोळलं. या वेळी घेऊ का म्हणून मला विचारलं नाही. लोटा घेऊन पाणी आणायला गेल्या.