बर्फातल्या माणसाचं गप्प राहणं

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी पेणहून रोह्याला आले, तेव्हा नवऱ्याबद्दल दोन गोष्टी कानावर होत्या. ते धाटावला कंपनीत आहेत, आणि कॉलेजात असताना एका सुळक्यावरून पडले होते. मोडलेल्या पायानिशी त्यांनी कड्यावर एकट्याने रात्र काढली. सकाळी मित्रांनी सोडवून आणलं. तेव्हापासून त्यांनी डोंगर सोडला, आणि तो विषयही.

एका हिवाळ्यात त्याच मित्रांनी शाळेच्या हॉलमध्ये एक माहितीपट दाखवला. बर्फाच्या डोंगरावर वादळात अडकून जिवंत परतलेल्या एका परदेशी गिर्यारोहकाचा. आम्ही दोघंही गेलो. संपल्यावर टाळ्या पडल्या. हे मात्र बाहेर जाऊन उभे राहिले.

पेणच्या एका साप्ताहिकात मी अधूनमधून लिहीत असे. या माहितीपटावरही लिहिलं. चित्रण सुरेख आहे, पण निवेदक फार बोलतो. सारखं आपलं धैर्य, जिद्द, विजय. तो वाचलेला माणूस बोलता बोलता एके ठिकाणी थांबतो, तर लगेच संगीत सुरू होतं आणि शिखर दिसायला लागतं. 'त्या रात्री त्याच्या मनात काय होतं, ते त्याच्याकडून वदवून घ्यायलाच हवं होतं,' असं मी शेवटी लिहिलं.

पाठवण्याआधी यांना वाचून दाखवलं. पहिल्या शिफ्टहून येऊन ते चहा पीत होते.

"निवेदकाचं बरोबर हाय," ते म्हणाले. "शेवटचं नाय पटलं."

"का?"

"ते सांगण्यासारखं नसतं गो." मग कप खाली ठेवून म्हणाले, "लोकांना वाटतं, देव आठवला असेल, आई आठवली असेल. माझ्या हातून मित्राची नवी बॅटरी दरीत पडली होती. तो आता रागावणार, एवढंच रात्रभर डोक्यात. त्यावरून रडलोपण. आई आठवली ती सकाळी, वाचल्यावर. तिला हे कधी सांगितलं नाय."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. नंतर लेखातलं ते शेवटचं वाक्य खोडून लिहिलं, की त्या माणसाला थोडा वेळ गप्प राहू द्यायला हवं होतं. आम्ही बघणारे थांबलो असतो.

"माझं काय घालू नको त्यात," ते म्हणाले. मी घातलं नाही. आज लिहितेय ते त्यांना विचारूनच.

पुढे एका रविवारी त्यांनीच विचारलं, "अवचितगडाला येतेस?" मी भाकरी आणि वालाचं बिरडं बांधून घेतलं. निम्म्या वाटेवर, खाली पिंगळसईची शेतं दिसायला लागली तिथे ते थबकले.

"हात कापतायत माझे."

"बसू या मग," मी म्हटलं.

तिथेच सावलीत बसून आम्ही जेवलो. त्या दिवशी गड झाला नाही. उतरताना ते पुढे होते, आणि घसरणीची जागा आली की मागे वळून मला हात देत होते.